चित्रातल्या आईची नजर

फादर, आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी ड्रॉइंगचा मास्तर. वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालाय.  आज इथं बोलतो, कारण शालिनीताई गेल्या आणि माझी चूक दुरुस्त करायची राहून गेली.

आपल्या चर्चमधलं मरियामातेचं चित्र मी काढलं, सात वर्षांपूर्वी. मरिया म्हणून बसल्या होत्या शालिनीताई. मांडीवर बाळ येशू म्हणून त्यांची वर्षाची ग्रेसी. निळा पदर स्वर्गाचा. लाल झंपर दुःखाचा. बाळाच्या हातात डाळिंब, पुढं सांडणाऱ्या रक्ताची खूण. आईचं डोकं वर, दोन गुडघे खाली, असा त्रिकोण. ताई म्हणायच्या, "मास्तर, तुमचा त्रिकोण बसला, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या की वो!"

परवा दफन करून आलो. ग्रेसीनं माझा हात धरला. "काका, चित्रात आई माझ्याकडं का बघत न्हाय? मी आवडत नव्हते व्हय तिला?"

काय सांगू? सांगा ना, काय सांगू मी? मरियेला बाळाचं पुढचं मरण दिसतंय, म्हणून तिची नजर लांब असते, हे सांगू? नुकतीच आईला माती देऊन आलेल्या लेकराला?

खरं सांगतो. ताई समोर बघतच नव्हत्या. मी ओरडायचो, "समोर बघा, ताई!" त्या म्हणायच्या, "लेकराकडं बघू नको म्हंजे काय वो? मान आपसूक वळती की." पुन्हा वळायची. पुन्हा मी ओरडायचो. चार रविवार हेच. शेवटी ती लांबची नजर मी माझ्या मनानं काढली.

काल शिडी लावली. म्हटलं, डोळे खाली वळवू. ब्रश हातात घेऊन तासभर उभा राहिलो. जमलं नाही हो. ताई लेकराकडं कशा बघायच्या, ते मी कधी बघितलंच नव्हतं. चार रविवार समोर बसून बघितलं नाही. आता कुणाला बसवू?

ग्रेसी, बाळा, चित्र खोटं आहे. तुझी आई तुझ्याकडंच बघत होती.

शालिनीताई, माझा अखेरचा नमस्कार घ्या. आता हवं तेवढं बघा तिच्याकडं. मी ओरडणार नाही.

उठा सगळे. दोन मिनिटं गप्प उभं राहू.