मुकादम थांबायचा त्या चार जागा

काय सांगू ताई तुम्हाला, माझं गाव धर्माबादच्या पलीकडं, गोदावरीकाठी, बापाची जमीन होती पण आम्ही भाऊ पाच, आन् जमिनीला काही लेकरं होत नाहीत, ती तेवढीच ऱ्हाती, मग थोरला मनला एकानं तरी बाहेर पडावं, आन् मी सगळ्यात धाकटा आन् जेवायला सगळ्यात पुढं, मनून माझीच पाठवणी झाली. मामा इथं शहरात, काचीगुड्याला रेल्वेत होते. त्यांनी विचारलं घण उचलता येतो का, मी मनलं येतो, झालं, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधी लागलो. मला भीती एकच, इथली बोली येत नव्हती, तर मामा मनले फिकर नक्को करू, इथं वाक्य मराठीत निघतं, उर्दूत चालतं आन् तेलुगूत उतरतं, तू नुसतं तोंड उघड. हौ, तसंच झालं बगा.

पुढं चावीवाला झालो. चावीवाला मनजे कोण, हे तुम्हा पुण्याच्या लोकांना कुठून ठाऊक असणार. रूळ जागेवर ऱ्हावा मनून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात, गाडीच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात, रोज पायी चालत जाऊन त्या बगायच्या आन् ढिली दिसली की हातोडा घालायचा. शादनगरकडं जाणारी मीटर गेज, आम्ही लहान लाईन मनायचो, तिच्यावर माझी हद्द सहा किलोमीटर, जाताना एक रूळ, येताना दुसरा. लाईनीच्या कडेलाच क्वार्टर, तिथं आमची शेवंता, मनजे घरातली, आन् दोन लेकरं. भवताली खडक, माळ, ज्वारी, सीताफळाची झाडं. पण आमचं काम कसं, मान खाली. चावी, चावी, चावी. कितीतरी वर्षं मी त्या माळातून चाललो आन् माळ कसा हाय ते मला ठाऊक नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मग मुकादम आला. मुकादम मनजे माणूस नाही, कुत्रा. गँगच्या झोपडीमागं बिजली नावाची कुत्री होती, तिचं पिल्लू, तांबडं, एक कान उभा आन् एक पडका. आम्ही घामाघूम होऊन काम करायलोत आन् हे समोर बसून नुसतं बगायलंय, मनून सगळे मनले हा तर मुकादमच, तेच नाव पडलं. ते माझ्यामागं यायला लागलं. बिजलीबी यायची, पण तिची हद्द मोरीपतूर, मनजे लाईनीखालच्या बारक्या पुलापतूर, तिथं पोचली की ती माघारी वळायची, पलीकडं दुसऱ्या कुत्र्यांचं राज्य. मुकादमानं त्या कुत्र्यांशी कसं जमवलं देव जाणे, तो सहाच्या सहा किलोमीटर माझ्यासंगट. तो पुढं, मी मागं. आन् मधीच तो थांबायचा. तो थांबला की मीबी थांबायचो, काय हाय मनून मान वर करायचो, आन् तिथं काहीतरी असायचंच. मनून मी सगळ्यांना सांगायचो, शेवंताला सांगायचो, की मला वर बगायला ह्या कुत्र्यानं शिकवलं. ती मनायची, मग त्याचीच आरती करा.

तुम्ही लोक त्या दिवसांना ऑक्टोबर हीट मनता आन् पंखा लावता. नाही ताई, तसं नाही. पितरांचा पंधरवडा, पितरपाटा, सरला की सकाळी येरवाळी चालताना पायाला दव लागतं, कुसळी गवत पिकतं, त्याची कुसळं मुकादमाच्या कानात जायची, सांच्याला शेवंता त्याला मांडीवर घेऊन एक एक काढायची आन् तो मोठ्या जावयासारखा पडून ऱ्हायचा. तरवड पिवळी व्हायची, कुरडूचे तुरे पांढरे-गुलाबी, बायका बतुकम्मासाठी, मनजे इकडच्या फुलांच्या सणासाठी, टोपल्या घेऊन यायच्या आन् मुकादम त्यांच्यावर भुंकायचा, जणू काही ती फुलं रेल्वेचीच. चतुर तर एवढे उडायचे की लाईनीवर हवा हाललेली दिसायची. कोळ्यांनी तारा-तारांत जाळी विणलेली, त्याच्यावर थेंब. आन् ज्वारी पोटऱ्यात यायच्या आधीचा तो वास, तो मला सांगता येत नाही, तो ऱ्हाऊ द्या.

मुकादमाच्या थांबण्याच्या जागा चार. पहिली मोरी. मोरीखाली पावसाचं पाणी ऱ्हायलेलं असतंय, तिथं आश्विनात एक दिवस परीट येतो. हा पक्षी बरं का, धुणारा नाही. एवढासा, काळा-पांढरा, पाण्याच्या कडेला तुरुतुरु पळतो आन् शेपूट सारखी खालीवर करतो. काल नव्हता, आज हाय. उत्तरेकडून येतो मनतात, थंडी घेऊन. दुसरी जागा तारेचा खांब, त्याच्यावर नीळकंठ बसायचा, दसऱ्याला इकडं तो दिसला की शुभ, शहरात त्यासाठी लोक किती धडपडतात, मला तर महिनाभर दसरा. तिसरी कटिंग, जिथं खडक फोडून लाईन काढलीय, तिथं सकाळचं ऊन आधी रुळावर पडतं आन् गारठलेला साप त्या रुळावर ऊन खात पडलेला असतो, त्याला जाऊ द्यायचं. आन् चौथी जागा सीताफळाचं झाड, त्याच्या खडकात मुंगसाचं बिऱ्हाड. फळाचे डोळे उघडले की ती मुंगसाची पोरं खाली पडलेल्या फळावर तुटून पडायची. चारी जागी मी एक बिडी ओढायला लागते तेवढा वेळ थांबायचो. कामात कसूर नाही हां. चावी एकबी सुटली नाही.

मग तो काळ आला, सगळंच बदलायचा. लहान लाईनीची मोठी लाईन झाली, सिमेंटचे स्लीपर आले, चावीच्या जागी क्लिपा. शेतांत पिवळे-पांढरे दगड उभे ऱ्हायले, प्लॉटचे, त्याला इकडं व्हेंचर मनतात, मुकादमानं एकेका दगडापाशी तंगडी वर करून मोजणी करून टाकली. आम्ही हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो. आन् त्याच सुमाराला माझ्या डोळ्याची तपासणी झाली. डॉक्टर मनला जवळचं बराबर हाय, लांबचं गेलंय, चष्म्यानंबी भागायचं नाही. मला ठाऊकच होतं, नीळकंठ दोन वर्षांपासून मला नुसता निळा डाग दिसायचा, पण मी कोनाला मनलो नाही. लांबचं न दिसणाऱ्याला लाईनीवर कसं ठेवतील, बराबर हाय त्यांचं. काचीगुडा यार्डात स्टोअरला बसवलं, हातोडे द्यायचे, हातोडे घ्यायचे.

क्वार्टर सोडलं, इथं बरकतपुऱ्यात ही खालची खोली धरली, जिच्यावर आता तुम्ही ऱ्हाता. मुकादमाला संगट आणलं. बिजली तोवर गेली होती. शेवंता मनली त्याला नका आणू, तो लाईनीचा जीव हाय, पण मी ऐकलं नाही. ऐकायला पाहिजे होतं. मला वाटलं माझं सगळं तिकडंच ऱ्हायलं, निदान हा तरी असू द्या. जिन्याखाली दोरीनं बांधायचो. पावसाळाभर तो तिथंच, लोकांच्या चपला मोजत. मालक कुरकुरायचा, पण कुत्रं गरीब होतं, निभलं.

एक दिवस ड्यूटीवरून आलो तर दोरी हाय आन् मुकादम नाही. दोरी चावलेली. काय सांगू तुम्हाला, मी दोन दिवस हुडकलं. काचीगुड्याचं यार्ड हुडकलं, अफझलगंजला मुसी नदीच्या काठानं हुडकलं, बेगम बाजारच्या गल्ल्यांत हाका मारल्या, लोक मनायचे कौन मुकादम, किसका मुकादम. त्या बाजारात सीताफळाची टोपली बगितली आन् तिथंच उभा ऱ्हायलो. डोळे उघडलेलं सीताफळ. मनजे आश्विन लागला होता. आन् मला, मला ताई, कळलंच नव्हतं. त्याला जिन्याखाली बसून कळलं आन् मला नाही. तिथं बाजारात, एवढा मोठा माणूस, मी रडलो. घरी आलो तर शेवंता मनली, तुम्ही कुठं हुडकायलात, तो ड्यूटीवर गेला असल.

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पिशवीत नवी दोरी घेतली, ह्या खेपी जाड. उतरलो, लाईनीनं चालायला लागलो, तर समोरून एक तांबडा डाग आन् मागं एक खाकी डाग. तांबडा डाग पळत आला आन् माझ्या अंगावरच पडला. पायाचे तळवे सोललेले होते त्याचे, पण शेपूट अशी की बगा. खाकी डाग मनजे नवा चावीवाला, क्लिपा आल्या तरी नाव तेच ऱ्हायलं, यादय्या, पस्तिशीचा माणूस, तिकडच्याच खेड्यातला. मला मनला, ये कुत्ता तुम्हारा है क्या काका, दिमाग खराब है इसका. चार जगह पे रुकता, मैं नै रुका तो भौंकता, और उधर कुछ बी नै रहता. मी मनलं चल, दाखव.

मोरीवर पोचलो. मुकादम थांबला. बसला. मी सवयीनं मान वर केली, पाण्याकडं बगितलं, पण मला काय दिसणार, नुसता उजेड. परीट आलाय की नाही मला कळंना. मनून मी खाली बगितलं, कुत्र्याकडं, मनलं ह्याला तर दिसत असल. आन् काय सांगू ताई. तो पाण्याकडं बगतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडं बगायलता. माझं बगून झालं की नाही, त्याची वाट बगायलता.

एवढी वर्षं मी पक्षी बगत होतो, मनून तो काय बगतो ते मी कधी बगितलंच नव्हतं. मग आठवलं. मोरीवर पहिल्यांदा मीच थांबलो होतो, बिडी पेटवायला, पिल्लू पायाशी होतं. नीळकंठाच्या खांबापाशी बी मीच. सगळीकडं मीच. त्याला पक्ष्याचं काय पडलं होतं. धन्याला इथं थांबल्यावर बरं वाटतं, एवढंच त्यानं धरून ठेवलं, आन् माझी आठवण घेऊन तो शहरातून इतक्या लांब चालत आला, ज्या माणसाला दिसत नाही त्याच्या वाटणीचं थांबायला.

यादय्याला मी चारी जागा दाखवल्या. मनजे मी विचारायचो आन् तो बगून सांगायचा. मोरीखाली काळं-पांढरं काही हाय का, शेपूट हालवणारं? तो मनला, हौ काका, है. अरे, है तो सही! असा मनला, जसं काही ते मीच आता ठेवलं तिथं. कटिंगला साप नव्हता. झाडापाशी त्यानं मला फळ तोडून दिलं. मग त्यानं पिशवीतल्या दोरीकडं बगून विचारलं, ले जाते क्या? मला न्यायचं होतं, लई न्यायचं होतं. मग मनलं, नको, त्याची बदली झाली नाही, माझी झाली. फक्त तो थांबला की थांबत जा, एक बिडीभर. यादय्या मनला मैं बीडी नै पीता काका. मनलं, मग नुसता थांब.

मुकादम मला स्टेशनकडं सोडायला आला, हद्दीच्या पाटीपतूर. तिथं थांबला, बिजली थांबायची तसा. मी पुढं गेलो आन् मागं वळून बगितलं, पण लांबचं मला दिसत नाही.

त्याला आता किती वर्षं झाली. मुकादम तिकडंच म्हातारा होऊन गेला, यादय्यानं सीताफळाच्या झाडाखाली पुरला. ते झाडबी आता नाही, तिथं कॉलनीची भिंत हाय. पण यादय्याचं आता दुसरं कुत्रं हाय, काळं, आन् ते त्या भिंतीपाशी थांबतंय. का थांबतंय ते त्याला ठाऊक नाही, यादय्याला ठाऊक हाय. दर आश्विनात त्याचा फोन येतो, आधी कोपऱ्यावरच्या एसटीडीवर निरोप यायचा, आता लेकीच्या मोबाईलवर. जास्ती बोलत नाही. काका, आ गया, एवढंच. मग मी शेवंताला सांगतो, परीट आला, आन् ती मनते मग चहा टाकते. आजच येरवाळी आला फोन, मनून तर तुम्हाला एवढं सांगत बसलो, नाहीतर म्हाताऱ्याचं कोण ऐकतं. तुम्ही ऐकता, लिहून घेता, देव तुमच्या डोळ्यांना लई वर्षं उजेड देवो.

पण आता ती वही ठेवा बाजूला. ह्या गच्चीवर, तिकडं टाकीच्या कडेला पाणी सांडलंय ना, तिथं मघापासून काहीतरी पांढरं हालायलंय. मला पांढरं तेवढं कळतं. शेपूट खालीवर करतंय का? घाई नाही ताई, सावकाश, एक बिडीभर थांबा आन् नीट बगा. मी तुमच्या तोंडाकडं बगत बसतो.