काळूरामचा पिवळा रंग

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या गॅरेजचे मालक आदरणीय कृष्णकांतशेठ, पनवेलच्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेतर्फे आलेले प्रमुख पाहुणे विश्वजीतराव, आजचे सत्कारमूर्ती श्री. काळूराम घरत, त्यांच्या शेजारी बसलेल्या रंभावहिनी, समोर बसलेले माझे फिटर, पेंटर, डेंटर बंधू, आमची गिऱ्हाईक मंडळी आणि गावाहून टेम्पो करून आलेले काळूरामचे भाऊबंद, सर्वांना दयाराम कोळीचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या माणसाबरोबर अठ्ठावीस वर्षं एका पत्र्याखाली काम केलं, त्याच्याविषयी पाच मिनिटांत काय सांगणार? शिवाय मला भाषणाची सवय नाही. घरी बायको बोलू देत नाही आणि गॅरेजमध्ये ग्राइंडर.

काळूरामचं खरं काम म्हणजे इंजिन बंद करणं. उघडायला काय, कोणीही उघडतो. पण खाली ब्लॉक, वर हेड आणि दोघांच्या मधे कागदाइतकी ती हेड गॅस्केट. आतली आग, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती बसवण्याआधी काळूराम ब्लॉक तासभर साफ करायचा. जुन्या गॅस्केटचा कण राहिला का ते नखाने बघायचा. मग साबणाने हात धुऊन नवी गॅस्केट कडेने धरायची, अगदी कोरडी ठेवायची, आणि बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, ठरलेल्याच जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचे. आम्ही घाईत घासण्याऐवजी फटी बुजवायची सिलिकॉन पेस्ट उचलली की म्हणायचा, "पेस्ट खाली ऑइलच्या चेंबरला लावा, तितं चालते. हेडला लावाची नाय. ज्याला घासाचा कंटाला, तो पेस्ट लावतो." तेव्हा आम्ही त्याला सोवळ्यातला भटजी म्हणायचो.

पाहुण्यांना आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या गॅरेजमध्ये कागदावर सही नसते. ज्याने हेड आवळलं त्याने प्रत्येक बोल्टवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. काळूरामचा पिवळा, माझा पांढरा. गाडी परत आली की झाकण काढायचं, रंग बघायचा, आणि त्या माणसाला हाक मारायची. शेठनी घातलेली ही पद्धत चांगलीच आहे.

मघाशी शेठ आपल्या भाषणात म्हणाले की उरणची ती एक गाडी सोडली, तर काळूरामला नाव ठेवायला जागा नाही. सगळे हसले. शेठ प्रेमानेच बोलले, त्यांचा दोष नाही. पण काळूरामही हसला. मान खाली घालून हसला. ते मला बघवलं नाही. मी चांगले दोन कागद लिहून आणले होते, ते खिशात ठेवले आहेत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. बंदरावर माणसांची ने-आण करणाऱ्या एका कंपनीच्या चार गाड्या एकाच आठवड्यात हेडच्या कामाला आल्या होत्या. चारही पांढऱ्या, एकाच मॉडेलच्या. काळूराम रोज एक बंद करत होता. गुरुवारी दुपारी तो भाचीच्या साखरपुड्याला गेला. चौथी गाडी उघडी होती. "उद्या येऊन बंद करतो," असं तो मला सांगून गेला.

मी थांबलो नाही. मला दाखवायचं होतं. कोणाला? शेठना, आणि खरं सांगायचं तर काळूरामला. ब्लॉकच्या एका कोपऱ्यात जुनी गॅस्केट चिकटून बसली होती. घासायला अर्धा तास लागला असता. मी वरून सिलिकॉन पेस्ट फिरवली, गॅस्केट ठेवली आणि हेड आवळलं. रंग द्यायला गेलो तर माझी पांढरी बाटली वाळून दगड झालेली. पिवळी शेजारीच होती. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं हो. ठिपका द्यायचा, म्हणून दिला. सकाळी काळूराम यायच्या आत ड्रायव्हर गाडी घेऊनही गेला, आणि शेठनीच कोणाकडून तरी पुरी करून घेतली असेल असं समजून काळूरामने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडी नीट चालली असती तर मिरवून सांगणार होतो.

तीन आठवड्यांनी ती गाडी उरणच्या रस्त्यावर तापली. पेस्टचा दाबला गेलेला गोळा आत जाऊन पाण्याची वाट बंद झाली होती. गाडीत न्हावा शेव्याला ड्युटीवर जाणारी माणसं, मागे कंटेनरवाल्यांचे हॉर्न. ड्रायव्हरने घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम झाकण उघडू नये हे खरं, पण गाडी मुळात तापायलाच नको होती. उकळतं पाणी उजव्या हातावर आणि मानेवर आलं. त्याची दोन बोटं अजून मिटत नाहीत. गाडी चालवणं सुटलं. त्याचं नाव कुंदन. काळूरामने बोलावलं म्हणून तो आज आला आहे, तिसऱ्या रांगेत कडेला बसला आहे.

इंजिन आमच्यासमोर उघडलं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. काळूराम म्हणाला, "शेठ, मी पेस्ट लावली नाय." शेठ म्हणाले, "मग हा रंग कोणाचा?" सगळ्यांनी पिवळे ठिपके पाहिले. मी चार हातांवर उभा होतो. एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून निघाला नाही.

शेठनी टॉर्क पाना त्याच्याकडून काढून माझ्याकडे दिला. त्या दिवसापासून आजपर्यंत काळूरामने एकही हेड आवळलं नाही. ऑइल बदल, ब्रेक, बेल्ट, एवढंच. हेडचा मिस्त्री मी झालो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं, असा निर्लज्ज आहे मी. पण चार-सहा महिन्यांनी चहा पिताना तो मला म्हणाला, "दया, मीच लावली असंल रं पेस्ट. चारी गाड्या सारख्याच व्हत्या. माजं डोकं जाग्यावर नसंल." मी काय म्हणालो, माहीत आहे? "जाऊ दे, होतं असं." हे माझे शब्द आहेत. त्या दिवशी त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला आणि मी चहा संपवला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उरणला कुंदनच्या घरी जातो. नऊ वर्षं. दारात उभा राहून हात जोडतो, घरातलं काही दुरुस्त करायचं असेल तर करून देतो आणि परत येतो. वहिनी, तुम्हाला हे ठाऊक आहे. ज्या स्कूटरवर तो जातो ती माझी आहे. शनिवारी मीच तिची टाकी भरून ठेवायचो आणि वर मनाला समजवायचो की आपणही काहीतरी करतो आहोत.

काळूराम, पेस्ट तू लावली नाहीस. तुझं डोकं जागेवर होतं आणि हातही. ते काम माझं होतं.

नाही, टाळ्या वाजवू नका. कृपा करा. विश्वजीतराव, संघटनेने मला जे काय विचारायचं ते विचारावं. शेठ, पाना उद्या सकाळी तुमच्या टेबलावर असेल. आपण सगळ्यांनी मला बोलू दिलंत, ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. बाकीचं पोटात घालू नका.

आणि कुंदन, येत्या रविवारी काळूराम येणार नाही. मी येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.