वासाला दहापैकी सात

वास येत होता का, हे तुम्ही मला विचारताय? मला? — अहो मॅडम, सव्वीस वर्षं या कंपनीत मी दुसरं काही केलेलंच नाही. बसा. त्या खुर्चीवर नको, ती काखवाल्यांची — हो, आम्ही त्यांना काखवालेच म्हणतो. रोज वीस माणसं येतात, हात वर करून बसतात, मी तळ कापलेला कागदाचा पेला काखेला लावते, वास घेते आणि आकडा लिहिते. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे उठून पळावं. कंपनी डिओ बनवते, तो चालतो की नाही हे दुसरं कोण सांगणार? मशीन? आणलं होतं एकदा. आता त्याला छत्र्या टांगतात. सव्वीस वर्षं अंगाला वासाचा साबण नाही, जेवणात कच्चा कांदा नाही, केसात फूल नाही — लग्नाला गेले तरी नाही. लोक किळस करतात. करू देत. त्यांच्या काखा मी जगण्याजोग्या केल्यात.

आणि त्या पॅकिंगवालीबद्दल हे काय लिहून आणलंय तुम्ही — ‘तिच्या लोकांच्या अंगालाच वास असतो’? कोणाचे हे शब्द? वरच्या मजल्यावरच्या त्या चौघींचे ना? नाकानं कांदे सोलतात मेल्या! त्यांना विचारा, घामाला वास असतो का म्हणून. नसतो. ताज्या घामाला काही म्हणजे काही वास नसतो. आपल्या कातडीवर जंतू राहतात, ते काखेतला घाम खातात, आणि त्यांचं जे खाऊन झालेलं असतं त्याचा तो वास. माझे जंतू वेगळे, तुमचे वेगळे. त्यात तुम्ही लसूण खाल्लात तर लसूण घामातून बाहेर येणार, मग तुम्ही कुठल्या का घराण्यातल्या असा. आणि काही मुलखांत तर काखेला जवळजवळ वासच नसलेली माणसं घरोघरी असतात — ओळखायची कशी सांगू? कानातला मळ बघायचा. कोरडा, भुसभुशीत निघाला तर काखेला वास नाही. चिकट असेल तर आहे. जन्मतःच ठरतं ते. त्या चौघींचे कान तपासा, चिकटच निघतील, माझ्याकडून लिहून घ्या. पण जो तो दुसऱ्याच्या नावानं नाक धरणार. स्वतःचा वास स्वतःला येत नाही ना, नाक सरावतं. तेवढ्यावर जग चाललंय सगळं.

मला नका सांगू. मी सुक्या मासळीच्या घरातली, पडले दूध-लोण्याच्या घरात. आमच्या सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी माझे कपडे वाळत घालायला वेगळी दोरी बांधली. तोंडानं एक शब्द नाही — नुसती दोरी. आणि खरं सांगू? त्या घरातल्या उशांना आंबलेल्या लोण्याचा असा वास यायचा की मी पहिला महिना तोंडानं श्वास घेऊन झोपले. पण मी सून. सुनेच्या नाकाला कोण विचारतो!

हां, तर ती पॅकिंगवाली. परमुलखातली, हो. खोकी बांधायची, कामाला चोख. तर या चौघींनी अर्ज केला की तिच्यासोबत जेवणाच्या खोलीत बसवत नाही. मॅनेजर माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, तुम्ही जाणकार, तुमचा आकडा आला की कोणी तोंड उघडणार नाही. गुपचूप उरकू, बाकीच्या दोघींना नको बोलवायला — एरवी आम्ही तिघी वास घेतो, तिघींचे आकडे मिळवून निकाल. तर मी एकटीनं घेतला आणि सात लिहिले. दहापैकी सात. नाक धरावं असा आकडा आहे. त्यावर तिला काढली, तर ते कंपनीचं काम, माझं नाही. कामगार कार्यालयाला यायचंच होतं तर मॅनेजरकडे जायचं. माझ्या नाकाबद्दल या इमारतीत कोणाला शंका नाही. शंका फक्त आमच्या लेकीला — तिला काय, आईचं सगळंच चुकतं. परवा आली ती दारातूनच ओरडत, आई, गॅस चालू राहिलाय, घर भरलंय वासानं! मी आपली तिथंच शेगडीशेजारी भाजी निवडत बसलेली, आणि ही खिडक्या काय उघडतेय, मला हाताला धरून काय ओढतेय—

लिहायचं का थांबवलंत?

सर्दी होती मला. सर्दीत नाही येत वास. तुम्हाला येतो?

कधीपासून म्हणजे? — हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून जरा. जरा म्हणजे — येईल परत, डॉक्टर म्हणाले, कोणाचा येतो, कोणाचा नाही येत. तारखा नका लावू मॅडम, मलाही लावता येतात. ताप आधी, तिचा वास घेतला तो नंतर. दोन महिन्यांनी. बाकीच्या दिवशी अडत नाही हो, त्या दोघींचे आकडे मान वळवली की दिसतात, मी मधला लिहिते. आजवर कोणाला कळलं? सव्वीस वर्षांत हवा तेवढा अंदाज येतो — बाहीवरचा डाग, माणसाचा चेहरा. पण त्या दिवशी मी एकटी. ती आली ती अंघोळ करून, इस्त्रीचा ब्लाउज घालून. हात वर केला आणि डोळे मिटून घेतले. मी पेला लावला. काहीच नाही. भिंतीला नाक लावावं तसं. आता तुम्ही सांगा, शून्य लिहिले असते आणि खरंच येत असता तर? त्या चौघी बोंब मारणार, बाकीच्या दोघींना बोलावणार, आणि माझं नाक गेल्याचं सगळ्या इमारतीला कळणार. मग मी कोण? हात वर करून बसणाऱ्यांच्या रांगेत मी? म्हटलं, चार बायका म्हणतायत तर असेल. सात लिहिले.

जाता जाता विचारलं तिनं मला. आमची भाषा तिला तोडकीमोडकीच यायची. म्हणाली, “ताई, खरं सांगा, येतो? मला कळत नाही.” कसं कळणार? कोणालाच नाही कळत स्वतःचं. माझ्याशिवाय तिला विचारायला माणूस नव्हतं.

“येतो,” म्हटलं मी.

मागच्या आठवड्यात दिसली बसथांब्यावर. बाकावर जागा होती, तरी उभी. दोन्ही हात अंगाशी गच्च दाबलेले, जशी काही काखेत कोंबडी धरलीय. एक म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला, तर ही दोन पावलं सरकली. तो परत जरा हलला, ही परत सरकली. असं करत करत पार थांब्याच्या छपराबाहेर गेली. उन्हात. मला बघितलं तिनं. नमस्कार केला — हात अंगापासून न उचलता, नुसती मान वाकवून.

काय? नाही, लिहा. लिहायला काय झालं? लिहा की वास घेणारीला वास येत नव्हता. सात हा आकडा तिचा नाही, माझा आहे. असंच लिहा, तुमच्या सरकारी भाषेत गोल करू नका. मॅनेजर मला ठेवणार नाही, ठाऊक आहे मला, तुम्ही चेहरा नका करू तसा. आणि तिला बोलावलंत तर नुसतं कामावर परत घेतलं म्हणून नका सांगू. तिला सांगा — हे सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं सांगा — की येत नव्हता. नाही, मी नाही येणार सांगायला. आणा ते पेन. सही कुठं करायची? इथं? आणि इथं?

झालं. आता निघा. बाहेर काखवाले खोळंबलेत.