यासीन नॉट आउट होता

शमीमभाभी, मंडळी. दोन्ही टीमची माणसं आज कितीतरी दिवसांनी एका छताखाली बसली आहेत. मी केदार. बोलायला उभा राहिलोय. चार गोड शब्द बोलून खाली बसणं सोपं होतं. ते मला जमणार नाही.

अन्वरभाई गेले. मंगळवारी तुबलीच्या गॅरेजमध्ये काम करता करता छातीत कळ आली आणि खलास. रत्नागिरीचा माणूस, पोटासाठी इथे आखातात आलेला. आठवडाभर गाड्या दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी सकाळी आपल्या मॅचला अंपायर म्हणून उन्हात उभा राहायचा.

आणि आपण काय म्हणायचो? "केदारनं अपील केलं की अन्वरभाईंचं बोट वर." म्हणायचो की नाही? चहाच्या टेबलावर म्हणायचो, ग्रुपवर म्हणायचो. माझी टीम म्हणायची, चांगल्या बॉलरला विकेट मिळणारच. समोरची म्हणायची, नाववाल्या बॉलरला अंपायर मिळतो.

मग ती सेमीफायनल. यासीन, तू तिकडे दाराशी उभा आहेस. तुला जिंकायला पाच रन हवे होते. माझा बॉल तुझ्या पॅडवर आदळला. मी ओरडलो. भाईंनी आउट दिलं. "आधी बॅटला लागलाय!" म्हणत तू बॅट आपटलीस. धक्काबुक्की झाली. तेव्हापासून आपलं बोलणं बंद.

त्याच संध्याकाळी भाई माझ्याकडे जुफैरला आले. बसलेसुद्धा नाहीत.

"केदार, खरं सांग. बॅट लागली होती?"

"नाही, भाई."

"बस. तू बोललास, विषय संपला."

चार दिवसांनी कुणीतरी त्यांना मोबाईलवर त्या बॉलचा व्हिडिओ दाखवला. पुढच्या शुक्रवारी टॉसच्या आधी ते यासीनसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांदेखत म्हणाले, "बेटा, चूक माझी. मी बॉल बघायला हवा होता. मी बॉलर बघितला."

माझं नाव घेतलं नाही. पांढरी टोपी काढली आणि निघून गेले. परत कधी अंपायर म्हणून उभे राहिले नाहीत. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी तिथेच होतो.

मंडळी, बॅट लागली होती. तो आवाज मी ऐकला होता. मैदानात मला माहीत होतं, घरी भाई विचारत होते तेव्हाही माहीत होतं. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तो मी वापरला.

गेल्या महिन्यात गॅरेजवर जाऊन मी त्यांना हे सांगितलं. हात पुसत म्हणाले, "मला कळलं होतं रे. मला नको सांगू. यासीनला सांग."

"इंशाल्ला, येत्या शुक्रवारी सांगतो," मी म्हणालो. तीन शुक्रवार गेले. मी तिन्ही दिवस मैदानावर होतो. यासीनही होता.

यासीन, आज सांगतोय. तू नॉट आउट होतास. भाभी, तुमच्या माणसाला लोकांनी जे जे म्हटलं, ते माझ्यामुळे. माफ करा असं कुठल्या तोंडानं म्हणू? तरी म्हणतो.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या. माझ्या शेजारी उभं राहणं कुणाला नको वाटत असेल, तर त्यानं खुशाल लांब उभं राहावं. पण अन्वरभाईंसाठी उभं राहा.