दोन रिंगा

नको गं, चहा नको — बरं, टाकच, अर्धा कप. आणि अशी दारात काय उभी राहिलीस? मी काही तपासणीला आलेली नाही, तिची आई आहे नुसती. बाहेर गेलीय म्हणालीस ना? मग येईल की. थांबते मी. न कळवता आले हे चुकलंच माझं, पण कळवलं असतं तर म्हणाली असती, नको येऊस, परीक्षा आहे. आणि मला काही हे शहर नवीन नाही हं! तुमचा कुणाचा पत्ताही नव्हता तेव्हा मी इथे शिकत होते, तुमच्याच कॉलेजात. सांगितलं असेल तिनं. नाही? लहानपणी मात्र झोपताना रोज — आई, तुझ्या शहरातलं सांग. मग मी सांगायची. ते चढाचे रस्ते, वाचनालयातली ती मोठी खिडकी, खिडकीजवळची माझी जागा. इतकं गोड करून सांगितलं की पोरगी शिकीन तर तिथेच म्हणून हटून बसली.

खिडकी उघडू का जरा? घुसमटतंय. सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेय बघ. माझी खोली होती ना, तिथे आता दाताचा दवाखाना आहे. आत शिरले तर बाई विचारते, कुठला दात? म्हटलं, दात नाही हो, जिना बघायचाय. वेड्यातच काढलं तिनं मला. पण जिना तोच आहे. त्याच्या वळणावर भिंतीला फोन होता. दर रविवारी घरी फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. कुणी उचलायचा नाही. दोन म्हणजे सगळं ठीक. मग तिकडून उलट दोन यायच्या — आमचंही ठीक. तिसरी वाजली तरच उचलायचा, काहीतरी झालंय असं समजून. तुला हसू येतंय, पण आमच्या घरात अजून चालतं ते, दारांवर. ही सायकलवरून पडली, गुडघा चांगला फुटलेला, आणि मोरीचं दार लावून बसली. मी विचारतेय, काय झालं गं? आतून टकटक, दोनदा. ठीक आहे म्हणे! रक्त दाराखालून बाहेर आलं तेव्हा कळलं.

तशीच आहे ती. माझ्यावर गेलीय. म्हणजे — मी कधी कुणाला बोलले नाही हे, तिच्या बाबांनासुद्धा नाही. ती खिडकी, ती माझी जागा, सगळं खरं आहे, पण पहिलं वर्षभर मी त्या जिन्यावर बसून रडायचे. वर्गात काही कळायचं नाही, बोलायला माणूस नाही. आणि रविवार आला की डोळे पुसून दोन रिंगा. तिसरी द्यायला बोट धजायचंच नाही. आणि तिकडे काय चाललं होतं माहितीये? माझे बाबा दवाखान्यात होते. आई त्यांच्या उशाशी बसलेली, आणि रविवारी तेवढ्यापुरती घरी यायची, मला दोन रिंगा द्यायची, परत जायची. परीक्षा संपवून मी घरी गेले तर बाबांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, वर त्यांचा हार घातलेला फोटो. मी आईला विचारलं, तिसरी का नाही दिलीस? म्हणाली, तुझं छान चाललं होतं ना गं.

चहा राहू दे, बस इथे. सकाळी आधी मी कॉलेजात गेले होते. म्हटलं, जुना वर्ग बघावा, ही तिथेच भेटली तर गंमत. ऑफिसातली बाई म्हणाली, तिनं मागच्या सत्रातच सोडलंय. आणि मला रोज निरोप — मस्त चाललंय, आई. तू मान खाली नको घालूस. तुला गप्प राहायला सांगितलंय, तू राहिलीस, मैत्रीण म्हणून चांगली आहेस. पण बाळा, हा चष्मा बघ. आले तेव्हापासून या टेबलावर आहे. चष्म्याशिवाय तिला पायाखालची पायरी दिसत नाही, ती बाहेर कुठे जाणार?

एवढा वेळ मी तुझ्याशी बोलतेय होय? त्या आतल्या खोलीच्या बंद दाराशी बोलतेय. मला राग नाही आलेला. मला भीती वाटतेय, बास. सोडलं तर सोडलं, कॉलेज गेलं खड्ड्यात. मी तिला नुसतं सांगायला आले होते की ते गोड गोड सगळं निम्मंच होतं. माझ्या गोष्टींपायी ती आत —

श्श. ऐक.

ऐकलंस? दोनदा.

माझी आईही दोनच द्यायची.

तू जा गं, तुला उशीर होतोय. जाताना बाहेरचं दार ओढून घे. मी ही खुर्ची तिच्या दाराशी घेते. तिसरी येईपर्यंत मी काही उठत नाही.