सव्वासातचा मेसेज

कुडाळच्या स्टँडवर मालवणची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“यशोदावैनी, सांजेचो फोन कित्या उचलनस नाय?”

“सातांक मी रेकीक बसतंय गो. हयसून माझ्या चेडवाक, अक्षयाक, हातातली शक्ती धाडतंय, ती थंय पुण्याक डोळे मिटून बसता.”

“अंगाक हात न लावता?”

“क्लासात शिकवल्यानी. तिची उशी पुढ्यात घेतंय आणि तिच्यार हात ठेवतंय.”

“आणि तिका कळता?”

“कळता तर! सव्वासातांक मेसेज येता, ‘आई, पोचली. खूप शांत वाटलं.’”

“आणि फोन?”

“फोन कराक येळ खंय आसा तिका?”

“मेसेज तरी येता ना. बरां आसा.”

“गेल्या आठवड्यात माका ताप होतो. तीन दिवस उशीक हातच लावूक नाय.”

“मगे तिना इचारल्यान आसतला.”

“तीनय दिवस मेसेज इलो. सव्वासातांक. ‘आई, पोचली. खूप शांत वाटलं.’”

“अगो बाय! मगे तू काय सांगलंस?”

“‘उद्या परत धाडतंय’ म्हणान लिवलंय.”

“आणि अजून बसतंस?”

“बसतंय तर. सातांक उशी पुढ्यात घेतंय. आता फोन तिच्यारच ठेवतंय.”