रेसची वायर

पुरवणी जबाब. नाव मागच्या जबाबावर आहे तेच. वस्तीत मला सीटवाली म्हणतात. वय त्रेपन्न, शिक्षण तिसरीपर्यंत, धंदा गाड्यांच्या सीटा भरणे व कव्हरं शिवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागची बैठी घरं, शेवटचं घर.

कोणी बोलावलेलं नसताना आज सकाळी साडेदहाला स्वतःच्या पायांनी येऊन सांगते की, मागच्या गुरुवारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा जो जबाब घेतला त्यातली एक गोष्ट खोटी आहे. हँडलखालचे उंचीचे ठोकळे गॅरेजवाल्याने बसवले असं मी सांगितलं होतं. त्याने बसवलेले नाहीत. त्याला सोडा. साहेब म्हणतात घाई करू नका, क्रमाने सांगा. तो माणूस चार दिवस इथे पोलीस चौकीत बसून आहे, म्हणून घाई. क्रमाने सांगते.

गाडी म्हणजे मोटरसायकल, माझ्या मुलाची. लांबच्या प्रवासाची, उंच, दगडधोंड्यांतून जाणारी असते तसली. मुलगा मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्तीचं काम करायचा, टॉवर सगळे डोंगरावर, म्हणून घेतली. घेतली तेव्हाच ती दुसऱ्याने वापरलेली होती. मग तिला एकेक वस्तू चढत गेली. पुढे लोखंडी गार्ड, इंजिनाखाली जाड पत्रा, जास्तीचे दोन दिवे, उंच काच, मागे दोन अल्युमिनियमच्या पेट्या. दर महिन्याला पार्सल यायचं. मी म्हणायची, गाडी घेतलीस का लग्न लावून आणलीस. तो म्हणायचा, लग्नापेक्षा स्वस्तात पडली, आई.

मुलगा सहा फूट दोन इंच. कंपनीच्या सीटवर बसला की गुडघे पोटात यायचे. म्हणून सीट मी उंच केली. जुना फोम काढला, कडक फोमचा थर दिला, वर जाड रेक्झिन, दुहेरी शिलाई. माझ्या हातचं चांगलं काम आहे ते, आजही बघा. पण सीट उंच झाल्यावर हँडल खाली वाटायला लागलं. वाकून बसायचा, संध्याकाळी कंबर धरून यायचा. तेव्हा हँडल उंच करायचं ठरलं. पार्सलमधून ठोकळे आले. ते माझ्या पतीने आमच्या अंगणात एका रविवारी बसवले. गॅरेजवाल्याचा त्यात हात नाही. तो त्या दिवशी गावातही नव्हता.

माझे पती पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर होते. आता घरी असतात. एक नट दोनदा तपासणारा माणूस. हँडल वर गेलं तसा ब्रेकचा पाइप आणि रेसची वायर ताणली गेली. पाइप त्यांनी सोडवून दुसऱ्या बाजूने घेतला. वायर बघितली, हँडल सरळ होतं, हाताने चाचपलं आणि म्हणाले, पुरतेय. मुलगा म्हणाला, बाबा, बघा हं. ते म्हणाले, अरे पुरतेय. इंजिन तेव्हा बंद होतं. हे मी मशीनवर बसून ऐकलेलं आहे.

त्यानंतर नवव्या दिवशी, एक वर्ष दोन महिन्यांपूर्वी, मुलगा डोंगरावरच्या टॉवरच्या रस्त्याला गाडी मागे वळवत होता. रस्ता अरुंद, एका बाजूला कठडा, तोही अर्धाच. त्याच्याबरोबरचा कामगार मागे जीपमध्ये होता. त्याने तेव्हा लिहून दिलं की हळू वळत होता आणि मध्येच त्याने रेस पिळली. गाडी कठड्याला अडकून राहिली. मुलगा खाली दरीत गेला. हे तुमच्याच कपाटात आहे.

मग लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं, तरणा पोर, मस्ती आली असेल. त्याचं जमलेलं लग्न त्याच्या दोन महिने आधी मोडलं होतं, तर कोणी त्याच्यावरून बोललं. माझ्या सख्ख्या जावेने मला विचारलं, चिठ्ठी वगैरे काही सापडली का. तिला मी घरातून घालवली.

माझे पती कोणाशी काही बोलले नाहीत. रोज जेवण झाल्यावर ते ताटावरून उठायच्या आधी मला एकच विचारायचे, "अगं, त्यानं रेस का पिळली असेल?" मी म्हणायची, मला काय माहीत, उठा. चौदा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. मी नंतर नंतर ताट उचलून घ्यायची, म्हणजे उठावं लागेल. तर मोकळ्या जागेकडे बघून विचारायचे.

गाडी परत मिळाल्यावर गॅरेजवाल्याने पुढचं चाक, मडगार्ड, दिवा एवढं नवं घातलं. हँडल वाकलेलं नव्हतं, म्हणून त्याने हात लावला नाही. वर्षभर ती ताडपत्रीखाली अंगणात होती. सीटा घेऊन येणारी गिऱ्हाइकं तिला बघून आवाज खाली आणायची. विकायचं मी ठरवलं. पतीने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. भाचीने फोटो काढून मोबाइलवर जाहिरात टाकली. लावलेल्या वस्तूंची यादी पतीने सांगितली, तोंडपाठ होती. शेवटी "हँडल उंच केलेले" हेही सांगितलं.

बघायला पाचसहा जण आले. एकाचे पाय जमिनीला पोचेनात, मी त्याला स्टूल देऊ का विचारलं. एक जण बायकोसकट आला, दोघांनी गाडीवर बसून फोटो काढले, पाणी प्यायले आणि गेले. एकाने गाडी कोणाची विचारलं आणि ऐकल्यावर चप्पल पण नीट न घालता गेला.

मागच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी चष्म्याच्या दुकानवाले आले. वय पन्नासच्या आसपास, उंच, बोलके. मुलाचं त्यांना आधीच कळलेलं होतं. म्हणाले, वहिनी, गाडीचा काय दोष त्यात. मोठ्या रस्त्याने पाऊण तास फिरवून आले, खूश होते. माझे पती कागद आणायला आत गेले. मी ओट्यावर मशीनशी होते. दुकानवाल्यांनी गाडी स्टँडवर उभी केली, इंजिन चालूच होतं. पुढचं चाक बघायला त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. इंजिनचा आवाज चढला. त्यांचा हात रेसवर नव्हता, हँडलच्या मधल्या दांडीवर होता. हँडल सरळ केलं, आवाज उतरला. परत वळवलं, परत चढला.

तीस वर्षं मोटारच्या मशीनवर बसते. दोरी कुठे ताणली की काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको. हँडल सरळ असेपर्यंत वायर पुरत होती. हँडल पूर्ण वळवलं की पुरत नव्हती आणि रेस आपोआप ओढत होती. मला तिथल्या तिथे समजलं. पोराने काही केलेलं नव्हतं. तो नुसता वळत होता.

दुकानवाले म्हणाले, "वहिनी, ही आपोआप का ओरडते हो?"

मी म्हणाले, "थंड असली की करते."

गाडी थंड नव्हती. ते पाऊण तास फिरवून आले होते, इंजिनला हात लावला असता तर भाजला असता. तरी त्यांनी मान डोलावली, कारण मी सीटवाली, मला कळत असणार. मी उठून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की माझे पती कागद घेऊन बाहेर यायच्या आत तो आवाज बंद झाला पाहिजे. ह्यांनी तो ऐकला असता तर मला लागला त्याच्या अर्ध्या वेळात त्यांना समजलं असतं. हे बाहेर आले, सह्या झाल्या, गाडी गेली. हे फाटकापर्यंत गेले आणि वळणापर्यंत बघत राहिले.

साहेब विचारतात, दुकानवाल्यांना बाजूला घेऊन वायर बदलून घ्या एवढं का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ठोकळे कोणी बसवले ते विचारलं असतं. बोलका माणूस, ह्यांना फोन केला असता. आणि स्पष्टच सांगते, मला ती गाडी दारातून जायला हवी होती. कोणाच्या दारात जाते ते मी बघितलं नाही.

मंगळवारी मी त्यांना फोन केला. सांगायचं म्हणूनच केला. गाडी कशी आहे विचारलं. म्हणाले, एकदम झकास, वहिनी, काळजी करू नका. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

गुरुवारी दुकानामागच्या चढावर गाडी वळवताना ती उसळून शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात गेली. ते वाचले. कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात आत्ताच सांगता येत नाही, म्हणजे त्यांना माहीत आहे. त्यांच्या बायकोने मला व्हरांड्यात ओळखलं आणि बसायला जागा दिली. तिथेच तुमच्या साहेबांनी विचारलं, हँडलचं काम कोणाचं. मी गॅरेजवाल्याचं नाव घेतलं. विचार केला नाही. तोंडाला आलं ते बोलले.

घरी मी पतीला सांगितलं की ब्रेकचं काहीतरी निघालंय, म्हणून गॅरेजवाल्याला नेलंय.

काल गॅरेजवाल्याची बायको दारात आली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते. ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, तुम्हाला नक्की आठवतंय ना? नाही म्हणजे, ते घरी कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून विचारलं." तिने माझ्या ओट्यावर पडलेली रेक्झिनची कात्रणं गोळा करून कोपऱ्यात ठेवली आणि गेली.

आज माझे पती माझ्याबरोबर आले आहेत, बाहेर बाकावर आहेत. गॅरेजवाला असं काम करणार नाही हे साहेबांना सांगायला आले आहेत. त्यांच्या आधी मी आत आले.

साहेब म्हणतात, आता त्यांचाही जबाब घ्यावा लागेल. घ्या. ठोकळे कोणी बसवले विचारा, ते खरं सांगतील. दुकानवाल्यांचं त्यांना सांगा, ते सोसतील. हवं तर मला आत टाका, खोटं मी बोलले, ते नाही. फक्त मुलाच्या वायरचं त्यांच्यापुढे काढू नका. मी हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, ते दोन्ही एकच आहे. मला माहीत आहे. तरी सांगितलं.

मला छापील वाचता येतं, हाताने लिहिलेलं लागत नाही, म्हणून जबाब वाचून दाखवण्यात आला. हळू आवाजात वाचा आणि दार लावा अशी मी विनंती केली. दाराची कडी बसत नाही. वायरपर्यंत वाचून झालं तेव्हा माझे पती माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आत आलेले होते. किती वेळ उभे होते ते मला सांगता येत नाही. साहेब थांबले. पती म्हणाले, "वाचा." राहिलेलं सगळं त्यांच्यासमोर वाचलं.

वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे पोरानं रेस पिळली नव्हती."

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी साहेबांना सांगितलं, हे वेगळ्या ओळीत लिहा, आणि मागच्या वर्षीच्या कागदालाही लावा. मग ते खाली बसले, खुर्ची असून. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं ते असं : आमच्या मुलाने रेस पिळली नव्हती.

वरचं सगळं मी ऐकलं आहे. बदलण्यासारखं त्यात काही नाही. सही करते.